तळ दिसतो का: हो

१ एप्रिल
आजपासून नवं आयुष्य. पोहण्याच्या तलावावर पाणी सांभाळायची नोकरी. दाजींनी शब्द टाकला. ताईने बजावलंय, ही सातवी, पळालास तर तोंड दाखवू नकोस. काम किरकोळ. पाणी तपासायचं, क्लोरिन टाकायचं, फिल्टर धुवायचा, वहीत लिहायचं. शेवटचा रकाना: तळ दिसतो का? सकाळी सहा ते आठ काठावर मी एकटा. म्हणजे मीच साहेब.

४ एप्रिल
शोध लागला. वहीत रोज तेच आकडे. मग रोज कशाला? तीस तारखेपर्यंतच्या ओळी आजच भरल्या. अक्षर काय सुंदर आलंय! उरलेल्या वेळात गिटार.

९ एप्रिल
गिटार रद्द. मोबाइलवर मोटारदुरुस्ती शिकतोय. पोरं डोळे चोळत बाहेर येतात, वास नाकात जातो. क्लोरिन जास्त झालं, दुसरं काय. निम्मं केलं.

१३ एप्रिल
वास वाढला. आणखी निम्मं. पहाटे सगळ्यांच्या आधी येणारे आजोबा म्हणाले, बाळा, हा वास क्लोरिन कमी पडल्याचा, घाम-मुताचा. वाढव. मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये.

१७ एप्रिल
पाणी दुधाळ. फिल्टर राहिलाय थोडा. आजोबा म्हणाले, तळाची जाळी दिसत नाही रे. म्हटलं, जाईल कुठे, तिला काय पाय फुटलेत? हसले बिचारे. गोड माणूस. उद्या फिल्टर नक्की.

१८ एप्रिल
फिल्टर धुवायला तास जातो म्हणे. सोमवारपासून.

२१ एप्रिल, सोमवार, सकाळी ८
आजोबा टॉवेल, चष्मा बाकावर विसरून गेले. जाताना दिसले नाहीत. मी गिअरबॉक्सच्या धड्यात होतो. चष्मा नीट पुसून कपाटात ठेवला. उद्या चिडवणार. एवढी आपुलकी कोण दाखवतं?

सकाळी ९
पोरांचा क्लास सुरू. एक मुलगी वर आली, म्हणाली, काका, खाली पायाला काहीतरी मऊ लागलं.

२२ एप्रिल
तलाव उपसला. जाळी दिसते.
आजोबांची सून आली होती. चष्मा मागितला. दिला.
पोलिसांनी वही उघडून कालची ओळ मोठ्याने वाचायला लावली. वाचली. मग विचारलं, अक्षर कुणाचं. माझं.
खाली आजची ओळ. उद्याची. तीस तारखेपर्यंत. सगळीकडे हो.