नौपाड्यातला नसलेला सिग्नल

बाबा, नौपाड्यातल्या एका चौकात मी नसलेला सिग्नल उभा केलाय. रस्त्यावर नाही, इंटरनेटवरच्या नकाशात. हा नकाशा लोकच हौसेने भरतात. मी रस्ता ओलांडायच्या जागा भरते: पट्टे कुठे आहेत, चालणाऱ्यांसाठी सिग्नल आहे का, तो वाजतो का. ज्यांना दिसत नाही, ते फोनवर हे ऐकून रस्ता ठरवतात. मी डोंबिवलीत पंख्याखाली बसून वरून काढलेल्या फोटोत पट्टे पाहिले, खांब पाहिला आणि शेजारच्या चौकाची माहिती जशीच्या तशी उचलून तिथे चिकटवली. तो खांब फक्त गाड्यांच्या सिग्नलचा होता.

तुम्ही विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचात. बरोबरचे लोक टपरीवर चहा पीत अंदाजाने आकडे टाकायचे आणि तुम्ही ठाकुर्लीच्या चाळींत जिन्याखाली बॅटरी घेऊन वाकायचात. सहावीत मी मुगाच्या रोपाची आठ दिवसांची उंची एका बैठकीत लिहून काढलेली. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्याशी उभे राहून माझी वही वाचताय. “रोप दाखव,” म्हणालात. रोप लावलंच नव्हतं. “बाईंना कळणार नाही गं. पण जे बघितलं नाही, ते लिहायचं नाही.” त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात नकाशावरच एका अंध गृहस्थांचा निरोप आला. ते त्या चौकात आवाजाची वाट बघत बराच वेळ थांबले, शेवटी अंदाजाने उतरले आणि डावीकडून रिक्षा आली. त्यांची काठी चाकाखाली मोडली. “तुम्ही तिथे प्रत्यक्ष गेला होतात का?” एवढंच विचारलं होतं त्यांनी. मी लिहिलं, “हो. तेव्हा वाजत होता. बंद पडला असेल.” लाज वाटते बाबा, हे मी दोन मिनिटांत, चहा पिता पिता लिहिलं. त्यांनी माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन चौक पाहिला, नकाशा दुरुस्त केला आणि सुटले असं समजले. मग परवा त्यांचा आणखी एक निरोप आला. ते सिग्नल दुरुस्त करून घ्यायला दोनदा पालिकेच्या ऑफिसात जाऊन आलेत. तिथला माणूस म्हणाला, “काका, तिथे चालणाऱ्यांचा सिग्नल कधी नव्हताच, उगाच कशाला फेऱ्या मारताय?” त्यावर यांनी त्याला ठणकावलं, “एक बाई स्वतः बघून आल्यात.” सोमवारी ते पुन्हा जाणार आहेत, माझ्या शब्दावर.

आज सकाळी मी खरं तर त्यांनाच लिहायला बसले होते. “नमस्कार” लिहिलं आणि खोडलं. तुम्ही आता नाही, हे वाचणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिता आलं. उद्या सोमवार आहे.