मशीन उघडलं तो दिवस

दादा, साखर कारखान्यावरच्या पहारेकऱ्याची खाकी पँट परत आली, तिथूनच सुरुवात करते. शहात्तर सालचा उन्हाळा. इस्लामपुरात पेठेच्या मागं आपली एक खोली, पुढच्या अर्ध्यात तुमचं शिलाईचं दुकान, मागच्या अर्ध्यात आईची चूल, आणि तिच्या हाताखाली मी, तुमची लेक. पहारेकरी पँट उलटी करून दाखवतो आणि ओशाळून म्हणतो, "आवं मास्तर, खाली बसलो आन् उसवली की." तुम्ही शिवण चष्म्यापाशी धरता. चार-पाच टाके नीट आणि मग एक सुटलेला, असं वरपासून खालपर्यंत. तुम्ही ती तिथल्या तिथं हातानं शिवून दिलीत आणि तो गेल्यावर स्वतःच्या हाताकडं बघत बसलात. पलटणीत जवानांचे कपडे शिवण्यात उमर गेलेला हात होता तो.

पुढं महिनाभर टाके सुटतच राहिले. तुम्ही सुई बदललीत, दोरा बदललात, पण मशीनला कधी बोल लावला नाहीत. सांगलीतला एक शिलाईचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं हे जुनं, अवजड मशीन तुम्ही हौसेनं आणलं होतं, मोटर काढून खाली पायानं चालवायचा पायटा बसवून घेतला होता. रोज सकाळी वरच्या भोकांत तेल सोडल्याशिवाय त्याला पाय लावत नव्हता. "मशीन चांगलं हाय," तुम्ही आईला म्हणालात. "माझाच हात गेला आता. कापड सरळ जात न्हाई." आई चुलीत लाकूड सारत राहिली. मी खाली मान घालून पीठ मळत राहिले. त्या दिवसांत तुम्ही चहाची बशी दोन्ही हातांनी धरायला लागला होता. तुमचा हात कापत नव्हता, तरीसुद्धा.

मग पेन्शनच्या कागदासाठी तुम्ही दोन दिवस साताऱ्याला गेलात आणि मी मशीन उघडलं. तुम्ही असताना ते जमलंच नसतं. नवीन होतं तेव्हा मी एकदा नुसतं चाक फिरवलं, तर "खेळणं हाय व्हय ते?" म्हणून केवढे कडाडला होता. मशीनचं डोकं मागं कलंडवायला गेले तर इतकं जड, की चुलीपुढून उठून आईला ते धरावं लागलं. तुमच्या दुखऱ्या कमरेला ते झेपत नसणार, म्हणूनच खालची बाजू कुणी बघितली नव्हती. खालच्या तबकात तेल काकवीसारखं काळं आणि दाट झालेलं. ते चिंध्यांनी टिपून घेतलं. वाटीत रॉकेल ओतलं, कोंबडीचं पीस बुडवून एकेक सांधा धुतला. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली आणि बघतच राहिले. कापड पुढं ढकलणाऱ्या दात्यांमध्ये सुताचा भुसा तेलात भिजून जुन्या गादीसारखा घट्ट बसला होता. वरचा थर खाकी, म्हणजे तुमचा. खालचा मात्र फिकट निळा. निळं कापड तुम्ही त्या मशीनवर कधीच शिवलं नव्हतं. तो भुसा सांगलीहूनच आला होता. केसांतल्या आकड्यानं तो सगळा उकरून काढला. बॉबिनपाशी फिरणाऱ्या हुकाला जुना दोरा आवळून बसला होता, आणि त्या दोऱ्यात सुईचं मोडकं टोक.

सगळं कोरडं पुसलं, ताजं तेल थेंबाथेंबानं सोडलं, आणि चाक हातानं फिरवत राहिले, ते हलकं होईपर्यंत. पहिल्या चिंधीवर काळे डाग पडले, दुसरी स्वच्छ निघाली. मग खाकीचे दोन पदर घातले. हातभर शिवण, आणि एकही टाका सुटला नाही. आईनं ती शिवण ताणून बघितली आणि उंबऱ्यावर बसली. "म्हंजी हात न्हाई गेला त्यांचा," एवढंच म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात. दारातच रॉकेलचा वास आला तुम्हाला. "कुणी हात लावला?"

"मी. दादा, आदी बसा. शिवून बगा."

तुम्ही टोपीसुद्धा न काढता बसलात. एक शिवण घातलीत, उलटी केलीत, तिच्यावरून नख फिरवलंत. मग दुसरी. मी कागदावर काढून ठेवलेला तो निळा भुसा तुम्ही चिमटीत धरून उजेडात नेला. "लय दिस उगंच भ्यालो गं," म्हणालात, आणि तोंड धुवायला मागं गेलात. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी बशी एका हातात धरून चहा प्यालात. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही शिवत होता, आणि येईल त्याला सांगत होता, "समद्यांनी मला म्हातारं ठरवलं, माज्या लेकीनं न्हाई. तिला ठावं हुतं, खोट मशिनीत हाय."

दादा, मला ठाऊक नव्हतं. मलाही वाटलं होतं, हात गेला. आईनं कडेगावच्या एका शिंप्याला मशीन दाखवायला रविवारी बोलावलं होतं, तुम्हाला न सांगता. विकायला बरं दिसावं म्हणून मी ते पुसायला काढलं होतं. तो आला तेव्हा आईनं त्याला दारातूनच परत पाठवलं आणि तुम्हाला सांगितलं, पत्ता विचारत होता कुणीतरी. तिनं हा विषय कधी काढला नाही, मीही नाही. आज लिहून काढल्यावर हलकं वाटतंय. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, घडी करून ठेवून देणार आहे. तुमच्या दहाव्याला आलेली माणसंसुद्धा मला तेच सांगत होती, लेकीचा किती भरवसा होता बापावर. आणि मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होते.