शमशेरचा नैवेद्य

१० नोव्हेंबर, सोमवार
कुत्रा आणला. माझी चुलतबहीण सुधाताई मुलाकडे बंगलोरला कायमची गेली, तिचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारमध्ये राहायची; तिथले शेजारी विक्रमसिंह ठेवून घ्यायला तयार होते. कुत्राही म्हणे त्यांच्या अंगणातच असायचा. पण मी म्हटलं, घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला? ताईची एकच अट: नाही रमला तर सरळ सांग बळवंता, विक्रमसिंह घेऊन जातील. मी हसलो.

आणखी एक कारण आहे, ते ताईला सांगितलं नाही. चंपाषष्ठी तोंडावर आली आहे. आमच्यात खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला, मग माणसांना. दर वर्षी भरीत-रोडग्याचं ताट घेऊन मी हरिशंकरपुरमच्या गल्ल्यांतून कुत्र्यांमागे धावतो आणि माझ्या बायकोचे, सरोजिनीचे, मोठे बंधू संभाजीराव खुर्चीत बसून हसतात. यंदा कुत्रा घरचा. बघू कोण हसतं.

११ नोव्हेंबर
नाव बदललं. गजक म्हणे! थंडीत खायची तिळाची मिठाई. आमचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर आले, त्या घरात गजक? आजपासून शमशेर.
हाक मारली की तो मागे वळून बघतो, शमशेर नावाचं कोण आलंय ते.

१३ नोव्हेंबर
जेवत नाही. सरोजिनीचं म्हणणं, घर आठवतंय त्याला. मी म्हटलं, शिस्त लागतेय.
दिवसभर गेटपाशी बसतो, तोंड रस्त्याकडे. राखणदारी उपजत आहे.
संध्याकाळी ताईचा फोन. सांगितलं, दूध-पोळी फस्त केली. फोन ठेवला तर वाटी समोरच, भरलेली. जरा वाईट वाटलं. जरा म्हणजे मलाही पोळी गेली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे शमशेरसह किल्ल्यापर्यंत फेरी. दोघांचीही तब्येत सुधारेल.

१७ नोव्हेंबर
थंडी फार. शिवाय शमशेर उठला नव्हता. मी बघायला गेलो नाही, पण उठला नसणार.
फेरी सरोजिनीनं मारून आणली. ती म्हणते, कोपऱ्यावर गेला की मुरारच्या बाजूला ओढतो. ताईला सांगितलं की किल्ल्याचा चढ तो माझ्या पुढे पळत चढतो. ताई खूश झाली. तिचा आवाज इतका खूश झाला की मी लगेच फोन ठेवला.

२० नोव्हेंबर
किला गेटच्या दुकानातून पट्टा आणला. पितळी पाटी, वर ‘शमशेर’ कोरलेलं. भारदस्त दिसतो. पट्टा.
संभाजीरावांना चंपाषष्ठीचं आमंत्रण दिलं. बोलता बोलता सांगून टाकलं की आमचा कुत्रा हातातला रोडगा अलगद उचलतो. रोडगा अजून घरात झालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

२२ नोव्हेंबर
सरोजिनी म्हणाली, बरगड्या दिसायला लागल्या, विक्रमसिंहांना फोन करा. मी म्हटलं, चंपाषष्ठी होऊ दे. ती नुसती बघत राहिली. मग कुत्राही बघायला लागला. दोघांनी एकदम बघायची काय गरज होती?
ताईचा व्हिडिओ कॉल. गजकला दाखव म्हणाली. सांगितलं, झोपलाय. तो समोर जागाच होता. तिचा आवाज ऐकून धडपडत उठला आणि फोनच्या मागे जाऊन तिला शोधायला लागला. शेपटी हलत होती. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मी कॉल कट केला.
हे बरं नाही केलं.
नेटवर्क खराब होतं.

२४ नोव्हेंबर
रंगीत तालीम. ताटात बिस्किट ठेवून हलक्या आवाजात येळकोट येळकोट म्हटलं. शमशेर खाटेखाली गेला. आवाज कमी पडला असावा.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी
सगळी मंडळी वेळेवर. भरीत उत्तम. संभाजीराव पहिल्या खुर्चीत. शमशेरला पट्टा घालून मधोमध उभा केला, ताट पुढे धरलं आणि सगळ्यांनी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा काही गजर केला की काचा हलल्या. मी भंडारा उधळला. मूठ जरा मोठी झाली. सगळी हळद शमशेरवर. डोकं झटकताना पट्टा निघाला (भोक मीच सैल ठेवलं होतं, बारीक झालाय म्हणून) आणि पिवळाजर्द कुत्रा गेटबाहेर.

संभाजीराव ताट घेऊन शांतपणे बाहेर गेले. गल्लीतला लंगडा कुत्रा, ज्याला मी रोज काठी दाखवतो, त्यानं दोन मिनिटांत ताट चाटून साफ केलं. नैवेद्य पोचला, मंडळी जेवली. मी स्कूटर काढली.

ज्याला विचारावं तो सांगे, वो पीला वाला? मुरार की तरफ गया, भाईसाहब. मी किला गेटच्या बाजूला शोधत राहिलो. शमशेर नावाचा कुत्रा किल्ल्याकडेच जाणार, असं माझं मत. खरं म्हणजे मुरारला तो सापडला असता, याची भीती वाटत होती.

संध्याकाळी ताईचा फोन. नैवेद्य खाल्ला का गजकनं? म्हटलं, दोन रोडगे! आता पायाशी झोपलाय. ताई मग म्हणाली, बरं, झोपू दे त्याला.
जेवलो नाही. भूक नव्हती. होती.

२७ नोव्हेंबर
मुरारला गेलो. ताईच्या घराला कुलूप. शेजारच्या अंगणात विक्रमसिंह आणि अजून पिवळाच असलेला तो, वाटीतली रोटी खाताना. खाताना मी त्याला पहिल्यांदा पाहिला.

विक्रमसिंहांनी चहा दिला. म्हणाले, कल दोपहर से दीदी के गेट पर बैठा था. संध्याकाळी त्यांनी ताईला व्हिडिओ कॉल लावून दिला. ताई पडद्यावरून, खा रे गजक, म्हणाली, तेव्हा कुठे खाल्लं त्यानं. त्या कॉलनंतर लगेच ताईनं मला फोन केला होता. म्हणजे मी दोन रोडगे सांगत होतो तेव्हा तिला सगळं माहीत होतं. विक्रमसिंहांना तिनं बजावलं होतं, बळवंत को कुछ मत कहना, उसको बुरा लगेगा.

चहा गार झाला.
निघताना हळूच म्हटलं, गजक. त्यानं लगेच वर पाहिलं. शेपटी हलवली. गेटपर्यंत सोडायला आला आणि तिथेच थांबला.

रात्री
ताईला फोन लावला. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, ताई, गजक... आणि पुढे जमेना. ती म्हणाली, जेवलास का तू?
म्हटलं, हो.
ताई म्हणाली, बळवंता, आधी जेव. मग सांग.