तुझ्या बुडाखालचा खजिना

कप्तानसाहेब,

सोफ्याची कव्हरं मी साबणाच्या पाण्यात भिजवलीत. उठलास की पिळून वाळत घाल. तुझ्या बसायच्या जागेच्या फटीतून काय काय निघालं म्हणून सांगू? वेफर्सचा चुरा, कापलेली नखं, सरबत सांडून कडक झालेला मोजा. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे नमुने हाताळते मी, पण अशी शिसारी कधी आली नव्हती. आणि त्या सगळ्या घाणीत बाबांचं कानाचं मशीन!

आठ दिवस मी घर पालथं घातलं. कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. तू मात्र त्याच मशीनवर बसून टीव्हीवरच्या गेममधल्या बेटावर खजिन्यासाठी फावडं चालवत होतास.

काल तुझ्या गेममध्ये ती खजिन्याची पेटी निघाली आणि तू "सापडली!" म्हणून उडी मारलीस. बाबांना शब्द ऐकू आला नाही, पण तुझा चेहरा दिसला. मशीनच सापडलं असं वाटून ते हात पुढे करून तुझ्याकडे आले. तू त्यांना टीव्हीसमोरून बाजूला व्हायची खूण केलीस, तीसुद्धा न बघता. मी दारात उभी होते. किळस आली मला तुझी.

मशीन पुसून, नवा सेल घालून फ्रिजवर ठेवलंय. बाबांना अजून काही बोललेली नाही. ते फिरून आले की तूच त्यांच्या हातात दे. माझं नाव काढू नकोस. आठ दिवस तू तेच शोधत होतास, असं वाटू दे त्यांना.

ताई