तोच होता, बाई

बाई, तो तोच होता. तुमच्या रक्तातला जंतू बाहेरून नव्याने आलेला नव्हता. तुम्ही विचारलं होतंत, उत्तर द्यायला मला फारच उशीर झाला.

कसब्यातली आपली लॅब आठवते. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याला चादर पांघरायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "त्याला सर्दी होणार नाही, तुम्ही आधी हात धुवा." एकाच पेशंटचे जंतू वाढवलेली नवी प्लेट आली की जुनी शेजारी ठेवून पाहायची, ही तुमची शिस्त. म्हणून तुमचंच रक्त तपासायला आलं तेव्हाही मी तेच केलं. पहिल्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ होतं, तिथे जंतू वाढलेच नव्हते. औषध सुरू झालं, ताप उतरला, तुम्ही चहा मागितलात. मग ताप पुन्हा चढला, आणि दुसऱ्या प्लेटवर जंतू औषधाला न जुमानता थेट चकतीला भिडलेले. हे सांगायला मी हॉस्पिटलात आले आणि मला रडूच फुटलं. तुम्ही मात्र उशीवरून मान उचलून बघताय. "अगं, रडतेस काय? तोच बदलला की दुसरा घुसला, ते सांग."

"कळायला मार्ग नाही, बाई."

"मग दोन्ही जपून ठेव. कधीतरी कळेल."

पुढचं औषधही लागू पडलं नाही, आणि तुम्ही गेलात.

आता वारज्यातल्या आमच्या लॅबमध्ये जंतूचा अख्खा जीनोम, त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर, कॉम्प्युटरवर वाचता येतो. त्या दोन प्लेटांवरचे जंतू गोठवून ठेवलेल्या दोन्ही नळ्या मी काढल्या. दोघांत जेमतेम एका जागी फरक निघाला; बाहेरचा असता तर कितीतरी जागी निघाला असता. तुमच्या शरीरात जंतू वाढत होते, स्वतःच्या नकला काढत होते, त्यात एकाची नक्कल चुकली. औषधाने बाकीचे मारले, त्या चुकलेल्यावर ते चाललं नाही, आणि त्याला सगळं घर मोकळं मिळालं. औषधाने त्याला काही शिकवलं नव्हतं, बाई, आधीच तो तिथे होता. खरं तर मला त्याचा राग यायला हवा. पण मी इतकी हरखले की शेजारच्या खुर्चीकडे वळून "बाई, बघा" म्हणाले. खुर्ची रिकामी होती.

काम संपलं की जंतू वाफेत मारून नळ्या टाकून द्यायच्या, हाही तुमचाच नियम. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते: मी तो मोडला. दोन्ही नळ्या परत फ्रीझरमध्ये ठेवल्यात. तुमच्या अंगातलं, अजून जिवंत असलेलं, तेवढंच उरलंय.