आईची आमटी उरते

मंगळवार संध्याकाळ, डोंबिवली

ठाण्याच्या डॉक्टरांनी आज पुन्हा सगळं सांगितलं. ऑपरेशनने वजन भराभर उतरतं, पण व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. दर आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनने भूक मरते, पण ते बंद केलं की भूक परत येते, वजनही. नुसतं डाएट? ते करून झालंय. आईला न सांगता सुरू केलेलं इंजेक्शनच चालू ठेवलंय.

घरी आज परत आमटी उरली. हल्ली रोजच उरते. आईने तळहातावर थेंब घेऊन चाखली. “माझ्या हाताची चव गेली का रे?”

मग लपवण्यात काय अर्थ? सांगून टाकलं.

ती आमटीवर झाकण ठेवत म्हणाली, “म्हणजे ते बंद केलंस की परत जेवशील ना?”

डॉक्टरांनी हेच इंजेक्शनचा तोटा म्हणून सांगितलं होतं.