‘हो’ येईपर्यंत कौल

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.

नवी वही. नियम एकच: यात खोटं लिहायचं नाही. वाचणारी मी एकटीच, त्यामुळे खोटं लिहून फायदाही नाही.

लॅपटॉप घेऊन देवळाच्या मागच्या खोलीत बसले आहे. गल्लीपुरतं छोटं भूमिदेवाचं देऊळ, आणि आजोबा त्याचे राखणदार. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आमची आ-जेन (म्हणजे मी, पेइ-जेन) तैपेईच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सध्या घरून काम करते. यातलं ‘घरून’ खरं आहे. ‘काम करते’ हेही खरंच म्हणायचं, आज सकाळी मी अख्खी खोली झाडली. ‘कंपनीत’ तेवढं ऑगस्टमध्ये संपलं.

मी खोटं बोललेले नाही. ऑगस्टमध्ये आले तेव्हा आजोबांनी विचारलं, घरून काम करणार का? मी म्हटलं, हं. ‘हं’चा अर्थ त्यांनी लावला.

छत्रीचं मात्र मनाला लागून राहिलं आहे. शेवटच्या दिवशी गडबडीत ऑफिसच्या दारातून निळी छत्री उचलली. माझ्या छत्रीच्या मुठीला चीर आहे, हिच्या नाही. म्हणजे ही चोरीच. या आठवड्यात टपालाने परत पाठवणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घात झाला. आजोबांना बाजारात शाळेच्या हुआंग बाई भेटल्या. बाई मुलांना पुढे काय शिकायचं ते सुचवतात. आठवीला कॉम्प्युटरमधल्या नोकऱ्या आणि थोडं कोडिंग समजावून सांगणारं बाहेरचं कुणी मिळत नाहीये, असं त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, बाहेरचं कशाला बाई, घरचं आहे की. शुक्रवार, १४ तारीख, शाळेत मुलांना दुपारी झोपवतात त्यानंतरचा तास.

मी म्हटलं, आजोबा, मला आधी विचारायचं तरी. ते म्हणाले, विचारलं असतं तर दोन आठवडे विचार करून तू नाहीच म्हणाली असतीस. हे मात्र अन्यायाचं आहे. मला एक आठवडा पुरला असता.

ठराव: चौदा तारखेच्या आत आजोबांना सगळं सांगायचं. मुलांसमोर खोट्या पदावर उभं राहणं मला जमणार नाही. गुरुवारी, चहाच्या वेळी.

६ नोव्हेंबर, गुरुवार. चहानंतर.

सांगणारच होते. पण आजोबा बसताना गुडघ्याला हात लावून बसले. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला असलं काही ऐकवू नये. गुडघा दुखतोय का, असं विचारलं तर म्हणाले, नाही गं, चपलेत खडा होता. मला काळजी वाटू नये म्हणून म्हणाले असणार.

छत्री: योग्य लांबीचा खोका मिळाला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तासाची कल्पना सुचली, आणि चांगली आहे. कोडिंग शिकवताना मुलांच्या ओळखीचं काहीतरी हवं. मला अक्षरओळख आजोबांनी याच देवळात करून दिली. शाळेत जाईपर्यंत तीच माझी शाळा. त्यामुळे उदाहरण म्हणून देवळातला कौलच घ्यायचा. स्लाइडसाठी लिहून काढलं:

चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न विचारून जमिनीवर टाकायचे. जर एक सपाट आणि एक फुगीर पडलं, तर देव ‘हो’ म्हणतो. जर दोन्ही फुगीर बाजू वर, तर ‘नाही’. जर दोन्ही सपाट वर, तर देव हसतोय, प्रश्न नीट विचार. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन ‘हो’ लागतात.

यात जर-तर आलं आणि पुन्हापुन्हा करणंही आलं. म्हणजे प्रोग्रामिंगचा निम्मा पाया.

लाकडं हातात होतीच म्हणून देवाला विचारलं, आजोबांना न सांगता तास घेतला तर चालेल का? आलं ‘नाही’. पण तिथली फरशी जरा उंचसखल आहे. जागा बदलली. देव हसला. प्रश्न सौम्य केला: तास होईपर्यंत थांबून सांगितलं तर चालेल का? ‘नाही’. पुन्हा विचारलं. ‘हो’ आलं. ही काही मोठी गोष्ट नाही, एक ‘हो’ पुरे.

मन हलकं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मन हलकं राहिलं नाही. देवाला चार वेळा विचारणं म्हणजे देवाला छळणं का? छळ नको, खात्री हवी, म्हणून पुन्हा विचारलं. अकरा वेळा टाकल्यावर ‘हो’. आजोबा पडद्यापलीकडून म्हणाले, आ-जेन, लाकडं फोडतेस का कुणाचं डोकं? मी म्हटलं, मुलांसाठी सराव चाललाय. तेही खरंच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

स्लाइड क्र. ९: ‘या क्षेत्रात चुकांमधूनच माणूस शिकतो’. हे लिहिताना हात थांबला.

कंपनी मांजरांचा खाऊ घरपोच देते. ‘तुमचा खाऊ निघाला आहे’ हा संदेश ग्राहकाला एकदा जायला हवा होता. माझ्या प्रोग्रामने तो चार तासांत एका आजीबाईंना तीन हजार वेळा पाठवला. तांत्रिकदृष्ट्या प्रोग्राम उत्तम चालत होता. फक्त थांबायचं कधी ते त्याला सांगायचं राहून गेलं होतं. उमेदवारीचा काळ संपायला आठ दिवस होते. साहेब सभ्यपणे म्हणाले, तुमचा स्वभाव फार चांगला आहे. तेव्हाच मला कळलं.

त्या आजीबाईंना माफीचं पत्र लिहिलं आहे. पत्ता नाही. पाकीट सुंदर आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्लाइड ‘कॉम्प्युटर क्षेत्रातले लोक’: प्रोग्राम लिहिणारे, तपासणारे, वापरायला सोपं करणारे, माहितीची राखण करणारे. प्रत्येकाला एक गंमतशीर चित्र. ‘काढून टाकलेले’ या गटाला जागा दिली नाही. मुलांचा उत्साह आपण का घालवायचा?

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.

आज सांगायचंच होतं. आजोबा इस्त्रीवाल्याकडून देवळाचं पिवळं जाकीट घेऊन आले. म्हणाले, उद्या मी मागच्या बाकावर बसणार, हुआंग बाईंची परवानगी काढलीय. इस्त्री झालेल्या जाकिटाच्या माणसाला कसं सांगायचं?

नवा आणि पक्का ठराव: तासानंतर, स्कूटरवरून परत येताना. समोरासमोर नसल्याने दोघांनाही सोपं जाईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

क्रमाने लिहिते.

मुलं बाकांवर डोकं टेकून झोपलेली नुकती उठली होती, गालांवर बाह्यांचे वळ. हुआंग बाईंनी ओळख करून दिली: तैपेईच्या मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअर ताई. मी नमस्कार केला. दुरुस्ती करण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण टाळ्या लांबल्या.

नोकऱ्यांचा भाग बरा गेला. कुणीतरी विचारलं, ताई, गेम खेळायचे पैसे मिळतात का? मी म्हटलं, गेममधल्या चुका शोधायचे मिळतात. चार जणांनी वहीत लिहून घेतलं.

मग कौल. लाकडं टाकून दाखवली, जर-तर सगळ्यांना पटलं. फळ्यावर लिहिलं: ‘हो’ आलं नाही, तर पुन्हा टाक. म्हटलं, याला लूप म्हणतात.

तिसऱ्या बाकावरच्या ल्याओ यू-तोंग नावाच्या मुलीने हात वर केला. गालावरचा वळ अजून गेला नव्हता. म्हणाली, ताई, तुमच्या प्रोग्राममध्ये ‘नाही’ला जागाच नाहीये. देव काहीही म्हणाला तरी शेवटी ‘हो’च येणार. मग त्याला विचारायचं कशाला? सरळ करून टाकायचं ना.

शेजारचा म्हणाला, माझी आई पण अशीच बाबांना विचारते. वर्ग हसला. हुआंग बाईही हसल्या. मागच्या बाकावर आजोबा हसले नाहीत. नाकावरचा चष्मा काढून त्यांनी जाकिटाच्या कडेने पुसला. इस्त्री मोडली.

मी म्हटलं, छान प्रश्न आहे. आणि घाईघाईने लॅपटॉपवरचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर ‘पुन्हा टाक, पुन्हा टाक’ असं येत राहिलं आणि थांबेना. कुठे थांबायचं ते याही वेळी राहून गेलं होतं. यू-तोंगने विचारलं, ताई, कंपनीत असं झालं तर? आता सांगावं असं वाटलं. खरोखर वाटलं. मी म्हटलं, आम्ही सगळे मिळून त्यातून शिकतो. हुआंग बाईंनी प्रोजेक्टरची वायर काढली.

स्कूटरवर आजोबा पुढे, मी मागे. सिग्नलला डोळे मिटून एका दमात सगळं सांगितलं: ऑगस्ट, मांजरांचा खाऊ, तीन हजार संदेश, ‘हं’.

सिग्नल हिरवा झाला. आजोबा म्हणाले, हो, माहीत आहे.

पुढच्या चौकात म्हणाले, सप्टेंबरात कंपनीकडून तुझ्या सामानाचा खोका आला, सही मीच केली. गल्लीतलं सगळं टपाल देवळातच येतं, हे तू विसरलीस का पोरी? नैवेद्याच्या टेबलाखाली ठेवलाय.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, देवाला विचारलं, तिला विचारू का? लागोपाठ तीनदा ‘नाही’ आलं. मी एकाच बैठकीत विचारलं आणि उठलो. मग म्हटलं, मुलांसमोर उभी केली की बोलेल, मुलांशी ती कधी खोटं बोलली नाही. त्यासाठी चाळीस मिनिटं त्या लहान बाकावर बसलो. आता गुडघा खरंच दुखतोय.

मी मागून त्यांचं जाकीट धरून बसले. ते म्हणाले, एवढं घट्ट धरू नकोस, हँडल वळत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८.

खोका उघडला. कप, ऑफिसच्या चपला, दुपारी झोपायची छोटी उशी, आणि माझी निळी छत्री, मुठीला चीर असलेली. सोबत चिठ्ठी: ‘पेइ-जेन, ही तुझी. माझी तू नेलीस वाटतं. घाई नाही. पण हिवाळी पावसाआधी मिळाली तर बरं.’ चिठ्ठीवर तारीख सप्टेंबरची.

हुआंग बाईंचा संदेश: मुलांना तास फार आवडला, पुढच्या सत्रात पुन्हा याल का? यू-तोंगने खास विचारलंय.

बाईंना खरं काय ते सांगायला हवं. आजच, दहा वाजता फोन करायचा. एकदा फक्त देवाला विचारून.

८.१५. लाकडं कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. आजोबा अंगण झाडताहेत आणि म्हणताहेत की किल्ली त्यांना सापडत नाहीये.